उपकार करण्याचा अधिकार

दुसऱ्याचें वाईट करूं पाहणाऱ्या मनुष्याच्या मनाची चिकित्सा नीतिशास्त्रानें पुष्कळ केली आहे; दुसऱ्याचें बरें करावयास निघालेल्या मनुष्याच्या मनाकडे मात्र त्या शास्त्राचें लक्ष त्या मानानें कमी गेलेलें दिसतें. याचें कारण उघड आहे. चोर दाराशीं आला तर घरधन्यानें काय करावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु शेजारचा सुखवस्तु गृहस्थ ‘तुमच्या घरांत फार अव्यवस्था माजली आहे, ती मी नीट लावून देतों’ असें म्हणून ओसरीवर येऊन बसला, किल्ल्या मागूं लागला, आणि आपण नको नको म्हणत असतांहि उठेना, तर त्याच्याशीं भांडण कोणत्या शब्दांत करावें हेंच मुळीं सुचत नाहीं. रागवावें तर कृतघ्न ठरावें; गप्प बसावें तर घर जावें. शिवाय त्या गृहस्थाचा हेतु खरोखरच चांगला असण्याचा संभव असतो, आणि तीच या प्रसंगांतील सर्वांत मोठी पंचाईत होय.

व्यक्तींच्या व्यवहारांतील ही पंचाईत राष्ट्रांच्या व्यवहारांत शिरली म्हणजे तिचें रूप किती उग्र होतें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या इतिहासांतील 1898 ते 1902 हीं चार वर्षें डोळ्यांपुढें आणावीं. इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड या राष्ट्रांनीं साम्राज्यें मिळविलीं तीं व्यापार करतां करतां, आणि त्यांच्या समर्थनाचें तत्त्वज्ञान मागाहून रचलें. अमेरिकेची गोष्ट निराळी. तिचें तत्त्वज्ञान आधीं सिद्ध होतें, आणि तें साम्राज्याच्या अगदीं उलट होतें. स्वतः वसाहत म्हणून वाढलेल्या या राष्ट्रानें 1776 सालीं जगापुढें असें मांडलें कीं, शासितांच्या संमतींतूनच राजसत्तेला न्याय्यता येते. 1821 च्या स्वातंत्र्यदिनीं परराष्ट्रमंत्री जॉन क्विन्सी ॲडम्स यांनीं आपल्या देशाला बजावलें होतें कीं, दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याविषयीं आपल्याला सहानुभूति असावी, पण त्यांच्यासाठीं राक्षस मारावयास आपण परदेशीं जाऊं नये. गेलों तर आपल्याच राज्याचा स्वभाव पालटेल. असा उपदेश ज्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या झाला, त्यांनींच सव्वाशें वर्षें पुरीं होण्यापूर्वीं आपल्या किनाऱ्यापासून सुमारें सात हजार मैलांवरील फिलिपीन बेटांवर, तेथील लोकांच्या इच्छेविरुद्ध, बंदुकीच्या जोरावर राज्य बसविलें. आणि हें करतांना आपण परोपकार करीत आहों असें त्यांपैकीं पुष्कळांना मनापासून वाटत होतें.

महाराष्ट्रांतील वाचकाला या प्रश्नाविषयीं एक जुनी जवळीक आहे. 1873 सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केलें. निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यीं त्यांनीं दाखविलेल्या निरपेक्ष औदार्याबद्दल. जो समाज आपल्याच हातांनीं केलेलें पाप रक्त सांडून धुऊन काढतो, त्याच्याविषयीं पुण्यांतल्या एका माळी गृहस्थाला वाटलेला हा आदर अस्थानीं होता असें कोण म्हणेल? परंतु त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांनीं त्याच समाजाच्या हातून काय घडलें हें पाहिलें म्हणजे मन थबकतें. पापी राष्ट्रानें पाप करणें यांत विचार करण्यासारखें फारसें नसतें.

या कथेंतील सात्त्विक भाग क्यूबामध्यें आहे, म्हणून तेथूनच आरंभ केला पाहिजे. स्पेनच्या सत्तेविरुद्ध क्यूबांतील लोकांनीं 1895 सालीं पुनः बंड आरंभिलें. तें मोडण्यासाठीं पुढच्याच वर्षीं स्पेननें जनरल वेलर यांस पाठविलें. बंडखोरांना अन्न व आसरा खेड्यांतून मिळतो, तेव्हां खेडींच ओस पाडावीं, ही त्यांची युक्ति. लक्षावधि शेतकऱ्यांना गांवांतून उठवून तटबंदीच्या शहरांत कोंडण्यांत आलें. तेथें अन्न नव्हतें, औषध नव्हतें, आणि लाखाहून अधिक माणसें भुकेनें व रोगराईनें मेलीं. अमेरिकन वर्तमानपत्रांनीं वेलर यांस खाटीक म्हटलें. त्या पत्रांनीं तिखटमीठ लावलें हें खरें, खपासाठीं लावलें हेंहि खरें. पण मूळ दुःख खोटें नव्हतें, आणि तें वाचून ओहायोंतल्या शेतकऱ्याच्या किंवा बोस्टनच्या शिक्षिकेच्या मनांत उठलेला संतापहि खोटा नव्हता. 15 फेब्रुवारी 1898 रोजीं हवानाच्या बंदरांत ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली, अडीचशेंहून अधिक खलाशी मेले, आणि एप्रिलमध्यें युद्ध पुकारलें गेलें. त्या वेळीं अमेरिकन काँग्रेसनें एक गोष्ट अशी केली कीं तिच्यासारखीं उदाहरणें इतिहासांत फार सांपडणार नाहींत: सेनेटर टेलर यांच्या सूचनेवरून तिनें आधींच जाहीर करून टाकलें कीं, क्यूबा बेटावर सत्ता गाजविण्याचा आमचा इरादा नाहीं, तेथें शांतता झाली कीं बेटाचा कारभार तेथील लोकांच्या हातीं सोंपवूं. तलवार उपसण्यापूर्वीं स्वतःचा हात बांधून घेण्याची ही बुद्धि स्तुत्य होती. मात्र त्या ठरावांत एकट्या क्यूबाचेंच नांव होतें, हें पुढें महत्त्वाचें ठरलें.

1 मे 1898 रोजीं सकाळीं मनिलाच्या उपसागरांत कमोडोर ड्यूई यांनीं स्पेनचें आरमार बुडविलें. ज्या बेटांचीं नांवें बहुसंख्य अमेरिकन लोकांना नकाशांतहि शोधावीं लागलीं असतीं, तीं अशा रीतीनें एकाएकीं त्यांच्या दारांत आलीं. त्या बेटांतहि स्पेनविरुद्ध क्रांति चालू होती. तिचा पुढारी एमिलिओ आग्विनाल्दो याला हाँगकाँगहून अमेरिकन जहाजानेंच परत आणण्यांत आलें. त्याच्या लोकांनीं थोड्याच आठवड्यांत लुझोन बेटाचा बहुतेक भाग मोकळा केला, मनिलाला जमिनीवरून वेढा घातला, आणि 12 जून रोजीं कावित येथें स्वातंत्र्य पुकारलें. आपण अमेरिकेचे सोबती आहों असें त्यांना वाटत होतें, आणि तसें वाटण्याला अमेरिकन अधिकाऱ्यांचें वर्तन कारण झालें होतें. मग 13 ऑगस्ट उजाडला. त्या दिवशीं मनिला शहर पडलें तें एका लुटुपुटीच्या लढाईनें. स्पेनच्या गव्हर्नरानें अमेरिकन सेनापतींशीं आधींच संधान बांधून ठेवलें होतें: आमची अब्रू राहण्यापुरत्या तोफा झडाव्या, मग आम्ही पांढरें निशाण लावूं, अट इतकीच कीं फिलिपिनो सैनिकांना शहरांत पाऊल टाकूं द्यावयाचें नाहीं. ही अट पाळली गेली. वेढा घालणारे तटाबाहेर राहिले, आणि दोन गोरे शत्रु तटाच्या आंत एकमेकांना सलाम करून मोकळे झाले. आदल्याच दिवशीं वॉशिंग्टनला युद्धतहकुबीच्या करारावर सह्या झाल्या होत्या. तारायंत्राची तार ड्यूईंनीं पूर्वींच तोडल्यामुळें ती बातमी मनिलाला पोंचली नव्हती. या साऱ्या कथेंत हास्यरसाला जागा असलेला असा हा एकच प्रसंग, आणि तोहि जवळून पाहिला तर फारसा हसण्यासारखा नाहीं.

डिसेंबरांत पॅरिसला तह झाला. दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेनें फिलिपीन बेटें स्पेनकडून घेतलीं. आग्विनाल्दोचा वकील आगोन्सिल्यो हा वॉशिंग्टनला गेला, पॅरिसला गेला. त्याचें म्हणणें तहाच्या बैठकींत कोणीं ऐकून घेतलें नाहीं. सत्तरऐंशीं लाख माणसांचें खरेदीखत झालें, त्यांत घेणारा व विकणारा हे दोनच पक्ष होते.

आतां प्रेसिडेंट मॅकिन्ले यांच्या मनाकडे वळूं. 1899 सालीं भेटीस आलेल्या मेथॉडिस्ट धर्मोपदेशकांना त्यांनीं सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. ती छापून आली 1903 सालीं, म्हणजे त्यांच्या वधानंतर, आणि तिच्या शब्दशः खरेपणाबद्दल इतिहासकारांना शंका आहे. तरी त्यांच्या जाहीर भाषणांतील विचारांशीं ती जुळते. त्या हकीकतीप्रमाणें, या बेटांचें काय करावें हें न सुचून ते रात्रीच्या रात्रीं येरझारा घालीत; शेवटीं एका रात्रीं गुडघे टेकून प्रार्थना करीत असतां त्यांना मार्ग दिसला. बेटें स्पेनला परत देणें भ्याडपणाचें; फ्रान्स किंवा जर्मनी यांच्या हातीं जाऊं देणें व्यापाराच्या दृष्टीनें घातक; तेथील लोकांवर सोंपवावीं तर ते स्वराज्यास अपात्र; तेव्हां तीं सर्व घेऊन त्या लोकांना शिक्षण द्यावें, सुधारावें, आणि ख्रिस्ती करावें, एवढेंच उरलें. फिलिपीनमधील बहुसंख्य लोक त्या वेळीं तीन शतकांपासून रोमन कॅथॉलिक होते, आणि मनिलांतील सांतो तोमास विद्यापीठ 1611 सालीं स्थापन झालेलें, म्हणजे अमेरिकेंतील हार्वर्डहून जुनें, ही गोष्ट त्या प्रार्थनेच्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं.

पुष्कळ टीकाकार ही हकीकत ढोंग म्हणून उडवून लावतात. सेनेटर बेव्हरिज यांच्यासारखे लोक चीनच्या बाजारपेठेची गोष्ट उघडपणें बोलत होते, आणि मॅकिन्ले यांच्या यादींतहि व्यापार आहेच. परंतु प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, त्यांना ढोंगी ठरविणें म्हणजे प्रश्न सोपा करून टाळणें होय. ते प्रामाणिक होते असेंच धरून चालावें. मगच खरी अडचण दिसूं लागते. त्यांच्या विचाराची रचना पाहा. त्यांत चार पर्याय आहेत, आणि चारहि पर्यायांत क्रियापदाचा कर्ता ‘आम्ही’ आहे. क्यूबाला दिलें तसें वचन फिलिपीनला द्यावें, बाहेरच्या राष्ट्रांपासून त्यांचें कांहीं काळ रक्षण करावें आणि घर त्यांचें त्यांना चालवूं द्यावें, हा पांचवा पर्याय आग्विनाल्दोचे लोकच सुचवीत होते. तो यादींत नाहीं. ‘ते अपात्र आहेत’ हें विधान सिद्ध करण्याचा प्रयत्नहि नाहीं. तें गृहीत आहे. मालोलोस येथें त्या वेळीं त्यांची प्रतिनिधिसभा भरली होती, राज्यघटना तयार झाली होती, 23 जानेवारी 1899 रोजीं प्रजासत्ताकाची विधिपूर्वक स्थापना झाली. लढाईच्या धामधुमींत त्यांनीं एक विद्यापीठहि काढलें होतें. तें राज्य टिकलें असतें कीं नाहीं हें कोणास सांगतां येणार? पण ज्याची परीक्षाच घेतली नाहीं त्याला नापास ठरविण्याचा अधिकार प्रार्थनेंतून कसा मिळतो, हें समजत नाहीं. मनुष्य एकांतांत देवाशीं बोलतो तेव्हां त्याला बहुधा स्वतःचाच आवाज ऐकूं येतो. ज्याच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा तो दुसरा मनुष्य त्या खोलींत असल्याशिवाय त्या आवाजाला आडकाठी होत नाहीं.

तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनीं 1899 च्या आरंभीं बोस्टनच्या एका वर्तमानपत्रांत जीं पत्रें लिहिलीं, त्यांत हेंच मर्म पकडलें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, मनें असलेलीं माणसें या दृष्टीनें फिलिपिनो लोक वॉशिंग्टनच्या हिशेबांत कधीं आलेच नाहींत. वाटेंत पडलेल्या एखाद्या जड पदार्थासारखा त्यांचा विचार झाला. विचाराची कसोटी त्याच्या फलावरून पाहावी असें शिकविणाऱ्या या पंडितानें, ‘पुढें सर्व चांगलेंच होईल’ या भरंवशावर आजचा अन्याय माफ करण्यास नकार द्यावा, ही गोष्ट त्यांच्या तत्त्वज्ञानावर वरवर टीका करणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

4 फेब्रुवारी 1899 च्या रात्रीं मनिलाच्या वेशीवर पहिली गोळी सुटली. दोनच दिवसांनीं सेनेटनें 57 विरुद्ध 27 मतांनीं तह मंजूर केला. आवश्यक असलेल्या दोनतृतीयांशांहून एकच मत अधिक. स्थिर राज्य स्थापन होतांच स्वातंत्र्य देऊं, असें वचन देणारा बेकन यांचा ठराव त्याच महिन्यांत 29 विरुद्ध 29 असा अडला, आणि उपाध्यक्षांच्या मतानें फेटाळला गेला. एका मतानें लाखों माणसांचें दैव फिरावें हें वाचतांना अंगावर कांटा येतो.

पुढील साडेतीन वर्षांचा वृत्तांत थोडक्यांत सांगणें बरें. सव्वा लाखांवर अमेरिकन सैनिक तेथें जाऊन आले; त्यांपैकीं चार हजारांहून अधिक मेले. वीस हजारांवर फिलिपिनो लढवय्ये पडले, आणि लढाई, उपासमार व रोग मिळून दोन लाखांपर्यंत साधीं माणसें मेलीं असावीं असा अंदाज आहे. सैन्याच्या लढाईंत हार आल्यावर फिलिपिनो लोकांनीं गनिमी कावा धरला, आणि मग क्यूबांतील वेलर यांना जी अडचण आली होती तीच अमेरिकन सेनापतींना आली. बंडखोरांना अन्न कोठून मिळतें? खेड्यांतून. 1901 च्या अखेरीस बातांगास प्रांतांत जनरल बेल यांनीं लोकांना ठराविक हद्दींत गोळा होण्याचा हुकूम दिला. हद्दीबाहेरचें धान्य व घरेंदारें नष्ट करण्यांत आलीं. आणि त्या छावण्यांत रोगानें हजारों माणसें मेलीं. ज्या कृत्याच्या संतापानें हें राष्ट्र युद्धास उठलें होतें तेंच कृत्य, चार वर्षें लोटण्याच्या आंत, त्याच्याच हातून घडलें. मनुष्यास उताणें पाडून त्याच्या तोंडांत पाणी ओतीत राहण्याच्या छळाविषयीं 1902 सालीं सेनेटच्या समितीपुढें सैनिकांनीं स्वतः साक्षी दिल्या.

असें कां व्हावें? सैनिक दुष्ट होते हें उत्तर अपुरें आहे. यांत उपकारकर्त्याच्या मनाचा एक विशेष गुंतलेला आहे. लुटारूला प्रतिकार झाला तर त्याला आश्चर्य वाटत नाहीं. तो प्रतिकार त्यानें हिशेबांत धरलेलाच असतो, आणि महाग पडूं लागला तर तो निघूनहि जातो. उपकार करणाऱ्याला प्रतिकार झाला म्हणजे मात्र त्याला तो स्वतःच्या चांगुलपणाचा अपमान वाटतो. समोरचा मनुष्य शत्रु न राहतां कृतघ्न होतो, आणि कृतघ्नाला दया कसली? डिसेंबर 1898 मध्यें मॅकिन्ले यांनीं काढलेल्या जाहीरनाम्यांत आपण जेते म्हणून येत नसून मित्र म्हणून येत आहों, असें आश्वासन होतें. मैत्रीचा जाहीरनामा निघाल्यावर जो लढतो तो कायद्यानें बंडखोर आणि नीतीनें वेडा ठरतो. त्याच्या ‘नाहीं’ला अर्थच उरत नाहीं, कारण ज्याला स्वतःचें हित कळत नाहीं त्याचा नकार हा त्याच्या अज्ञानाचा पुरावा समजला जातो. या तर्कांतून सुटका नाहीं. होकार दिला तर संमति. नकार दिला तर संमति देण्याची पात्रता नाहीं. आपल्याकडे 1919 च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यानें, स्वराज्याचा पुढचा हप्ता केव्हां व किती द्यावा हें पार्लमेंट ठरवील असें सांगितलें, तेव्हां तोच तर्क निराळ्या पोषाखांत आला होता. परीक्षा घेणाऱ्याचा पगार विद्यार्थी नापास होण्यावर अवलंबून असेल, तर निकाल लवकर कसा लागावा?

अमेरिकेच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें सांगितलेंच पाहिजे. त्या राष्ट्रांत विरोध मुका राहिला नाहीं. 1898 सालींच बोस्टनला साम्राज्यविरोधी संघ निघाला. मॅकिन्ले यांच्याच पक्षाचे वृद्ध सेनेटर होअर यांनीं तहाविरुद्ध मत दिलें. मार्क ट्वेन प्रथम क्यूबाच्या युद्धाच्या बाजूचे होते. पॅरिसचा तह वाचल्यावर त्यांचें मत पालटलें, आणि 1901 सालीं त्यांनीं लिहिलेल्या लेखाइतका बोचरा उपरोध स्वतःच्या सरकारविरुद्ध फार थोड्या लेखकांनीं लिहिला असेल. फिलिपीनसाठीं निराळें निशाण हवें असेल तर आपल्याच निशाणावरील पांढरे पट्टे काळे करावे आणि ताऱ्यांच्या जागीं कवटी काढावी, असें त्यांनीं सुचविलें. येल विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ सम्नर यांनीं आपल्या व्याख्यानाला, स्पेननेंच अमेरिका जिंकली, अशा अर्थाचें नांव दिलें. त्यांचा आशय असा कीं रणांगणावर आपण जिंकलों, पण स्पेनच्या कल्पनांनीं आपल्याला जिंकलें.

पण सत्य इतकें सरळ नाहीं. विरोधकांच्या त्याच मेळाव्यांत दक्षिण कॅरोलिनाचे सेनेटर टिलमन यांच्यासारखे लोकहि होते. निग्रोंचा मताधिकार हिरावून घेतल्याचा ज्यांना अभिमान, त्यांचा विरोध एवढ्याचसाठीं कीं आणखी काळीं माणसें राष्ट्रांत नकोत! म्हणजे फिलिपिनो लोकांच्या स्वातंत्र्याच्या बाजूनें मत देणारांत कांहीं त्यांचा तिरस्कार करणारे होते, आणि त्यांना गुलाम करणारांत कांहीं त्यांच्यावर प्रेम करणारे. हेतूवरून कृति तोलणाऱ्या नीतिशास्त्राला येथें काय उत्तर आहे? मनांत तिरस्कार ठेवून दार न उघडणारा शेजारी आणि मनांत कळवळा ठेवून घर बळकावणारा शेजारी, या दोघांतून निवड करण्याचा प्रसंग आला तर प्रस्तुत लेखक बिनदिक्कत पहिल्याची निवड करील. त्यांत त्या शेजाऱ्याची स्तुति नाहीं. त्याच्या तिरस्काराचें फळ त्याच्या घरांत राहतें, एवढेंच.

फळांचाहि विचार करूं. 1901 च्या ऑगस्टमध्यें ‘थॉमस’ नांवाच्या जहाजानें सुमारें पांचशें अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, आणि खेडोपाडीं शाळा उघडल्या. त्यांच्यांतील कित्येकांनीं प्रामाणिकपणें आयुष्य वेंचलें. 1907 सालीं निवडलेली विधिसभा भरली. आपल्याकडे मोर्ले-मिंटो सुधारणाहि तोंवर आल्या नव्हत्या. 1916 च्या जोन्स कायद्यानें स्वातंत्र्याचें अभिवचन कायद्यांत घातलें, आणि 4 जुलै 1946 रोजीं, हिंदुस्थानाच्या एक वर्ष आधीं, तें प्रत्यक्षांत आलें. साम्राज्यांच्या पंक्तींत हें वर्तन उजवें आहे. परंतु स्वातंत्र्याची तारीख ठरविणारा 1934 चा कायदा ज्या जोरावर पास झाला, त्यांत अमेरिकेंतील साखरवाल्यांचा व दूधलोणीवाल्यांचा वांटा मोठा होता. फिलिपीनची साखर व खोबरेल बिनजकात येत होतीं तीं त्यांना नको होतीं, आणि मजूरसंघांना तिकडचे मजूर नको होते. त्याच कायद्यानें फिलिपिनो लोकांचा प्रवेश वर्षाला पन्नासावर आणून ठेवला. घेतांना जो कळवळा पुढें होता तो देतांना मागें पडला, आणि हिशेब पुढें आला. 1947 मध्येंहि, युद्धानें जळून गेलेल्या देशाला, अमेरिकन नागरिकांस आपल्या खाणी व जमिनी यांत बरोबरीचा हक्क देण्यासाठीं स्वतःची राज्यघटना बदलावी लागली. आपला स्वातंत्र्यदिन 4 जुलैहून 12 जूनवर नेण्यास फिलिपीनला 1962 साल उजाडावें लागलें.

मग दुसऱ्याच्या घरांतील आक्रोश ऐकून स्वस्थ बसावें काय? ॲडम्स यांचा उपदेश शब्दशः पाळला तर क्यूबांतल्या छावण्यांपुढून मान फिरवून जावें लागलें असतें. हें उत्तर मनाला पटत नाहीं, आणि तें पटूं नये. टेलर यांच्या ठरावाकडे प्रस्तुत लेखकाचें मन म्हणूनच पुनः पुनः वळतें. मदतीला जाणारानें आपल्या मोहाची शंका आधींच घ्यावी, परत येण्याची वेळ जाण्यापूर्वींच ठरवावी, आणि ती ठरविण्यांत ज्याच्या घरीं जावयाचें त्याला विचारावें. यापेक्षां चांगली वाट दिसत नाहीं. ही वाटहि निर्धोक मात्र नव्हे. 1901 सालीं, सैन्य तेथें असतांनाच, अमेरिकेनें क्यूबाच्या घटनेंत प्लॅट यांची उपसूचना घालण्यास भाग पाडलें. तिच्यामुळें क्यूबाच्या कारभारांत हात घालण्याचा हक्क अमेरिकेकडे राहिला. 1902 सालीं सैन्य निघालें, 1906 सालीं परत गेलें, 1909 पर्यंत राहिलें. ती उपसूचना 1934 सालीं रद्द झाली, तरी 1903 च्या करारानें घेतलेलें ग्वांतानामोचें ठाणें आजहि अमेरिकेकडेच आहे; तो भाडेपट्टा संपविण्यास दोघांची संमति लागते. दिलेलें वचन अक्षरशः पाळलें गेलें, आणि तरीहि पुरतें पाळलें गेलें नाहीं.

सामार बेटावर बालांगिगा नांवाचें एक गांव आहे. 28 सप्टेंबर 1901 रोजीं सकाळीं तेथील लोकांनीं, चर्चची घंटा होतांच, न्याहारीस बसलेल्या अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. अठ्ठेचाळीस सैनिक मेले. त्यावर जनरल जेकब स्मिथ यांनीं साऱ्या सामारचें रान करून टाकण्याचा, आणि हत्यार धरूं शकणाऱ्या, म्हणजे दहा वर्षांवरील, कोणालाहि जिवंत न ठेवण्याचा हुकूम दिला. त्यांच्यावर लष्करी खटला झाला; शिक्षा झाली ती कानउघाडणीची, आणि मग प्रेसिडेंट रूझवेल्ट यांनीं त्यांना सेवानिवृत्त केलें. जनरल डायरचा शेवट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें ओळखीचें वाटेल. गांव जाळल्यावर सैनिकांनीं चर्चच्या तीन घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन घंटा पुढें वायोमिंग संस्थानांतील लष्करी तळावर उभ्या राहिल्या, एक त्या पलटणीबरोबर कोरियापर्यंत गेली. फिलिपीनचे लोक त्या मागत राहिले. वायोमिंगमधील जुने सैनिक देऊं नका म्हणत. त्यांच्या लेखीं तें न्याहारीच्या ताटावर मेलेल्या पोरांचें स्मारक होतें, आणि त्यांच्या दृष्टीनें त्यांचेंहि कांहीं चुकत नव्हतें. परत देण्यास कायद्याची आडकाठी होती ती शेवटीं दूर झाली, आणि डिसेंबर 2018 मध्यें, एकशें सतरा वर्षांनीं, त्या तिन्ही घंटा बालांगिगाच्या चर्चमध्यें परत आल्या.